वठलेल्या आंब्यावरची सात गिधाडं

जेवत असाल तर आधी जेवून घ्या, हात धुवा, मग वाचा. गमतीने सांगत नाहीये. हे लिहितानासुद्धा मी शेजारी लिंबाची फोड ठेवली आहे.

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. भोंदू बाबा लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, हे टेबलावर करून दाखवायचे आणि पोरांच्या आयांचे शिव्याशाप घ्यायचे. या सदरातले वाचकांचे अनुभवही मी दुपारी आडवं पडून वाचते आणि मनातल्या मनात लाल पेनाने शेरे मारत जाते — ‘पुरावा कुठे?’, ‘वारा असेल’, ‘चढली असेल’. आज माझीच वही तपासायला देतेय. मारा शेरे.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मी एकोणसाठची होते, म्हणजे आताच्या मानाने तरणीताठी, आणि अक्कल वयाच्या निम्मी. रिटायर झाल्यावर मुलाने गिअरची सायकल घेऊन दिली होती. डोक्याला लष्करी रंगाची टोपी, गळ्यात दुर्बीण आणि पंजाबी ड्रेसवर बारा खिशांचं जाकीट. अकरा खिसे रिकामे, बाराव्यात शेंगदाण्याचे लाडू. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला पक्षितज्ज्ञ समजायचे. मला बघून टिटव्या ओरडायच्या त्या भीतीने नव्हे, हसून, असं आता वाटतं.

उन्हाळ्यात रोज सकाळी सहाला आम्ही दोघी निघायचो. मी आणि नसीम. तासगावातून मणेराजुरीच्या रस्त्याला लागलं की सहा-सात किलोमीटरवर डाव्या हाताला द्राक्षबागांतून कच्चा रस्ता फुटतो. बेदाण्याच्या शेडा मागे टाकल्या की एक पाझर तलाव. एप्रिलमध्ये त्याचं डबकं होतं, म्हणून आजूबाजूचे सगळे पक्षी तिथे दाटीने उभे राहतात — शेकाटे, चित्रबलाक, पाणकावळे. फोटोत फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात कडेचा गाळ कुजलेला, त्यात पोट फुगलेले मासे, माशांवर माश्या, आणि शेडांकडून नासक्या द्राक्षांचा आंबूस भपकारा. बांधाच्या टोकाला एक वठलेला आंबा.

नसीम माझ्याच वयाची, लहानपणी माझ्याच वर्गातली. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसून अर्ध्या तासगावचे ब्लाऊज तिने शिवले. तिच्याकडे ना दुर्बीण, ना जाकीट. पदर खोचून जुन्या लेडीज सायकलवर यायची आणि मी दुर्बिणीचं झाकण काढेपर्यंत म्हणायची, “मास्तरीन, तुजा पक्षी गेला बग.”

आमचा आठ-दहा जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात उंब्रजचे एक रिटायर्ड सुभेदार रोज कोयनानगरच्या घाटातले फोटो टाकायचे. आज धनेश, उद्या स्वर्गीय नर्तक. आणि आमच्या नशिबी काय... बगळे. एक दिवस नसीम डोळे दाखवायला मिरजेला गेली होती. मी एकटीच तलावावर जाऊन आले, घरी येऊन सुभेदारांचा धनेश बघितला आणि माझ्या बोटांनी टाइप केलं — ‘आज सकाळी ७.१०. पांढऱ्या पाठीचं गिधाड, एक. वठलेल्या आंब्यावर. फोटो काढेपर्यंत उडालं.’

धादांत खोटं. गुरांना टोचायच्या एका औषधाने गिधाडं मेली, त्याला आमच्या भागात वीसेक वर्षं होऊन गेली होती. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला. मी दिवसभर हवेत.

संध्याकाळी ग्रुपवरची बातमी कळून नसीम आली. चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, “गिधाड बगितलंस?”

“हो.”

“कंच्या फांदीवर?”

“तळ्याकडच्या. मान आत घेऊन बसलं होतं.” खोटं बोलणारा तपशील फार देतो. हे मी वर्गात शेकडो पोरांना पकडून शिकले होते, तरी दिला.

मग तिने डॉक्टरचं सांगितलं. “डोळ्याचा मदला पडदा वाळत चाललाय म्हनला. वरसाभरानं कडंकडंचं दिसंल, मदलं न्हाई. मानूस म्होरं उभा ऱ्हायला तर कान दिसत्याल, तोंड न्हाई.”

पुढे म्हणाली, “आमच्या घरात बगावं आसं तोंड एक बी न्हाई म्हना. पर गिधाड एकदा बगू दे, मास्तरीन. मग वाळू दे पडदा.”

तिचे अब्बा कातड्याचे व्यापारी. मेलेल्या जनावरांची कातडी घ्यायची, मीठ लावून गोदामात रचायची आणि पुढे पाठवायची. लहानपणी ती त्यांच्यासोबत गावाबाहेरच्या माळावर जायची. “पंगत बसल्यावानी गोल बसायची गिधाडं. सांजचं गोदामामागं आब्बा कडंचं तुकडं टाकायचं, तवा बी यायची. आब्बा गेलं, मागनं गिधाडं बी गेली.”

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं? चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज त्या आंब्याखाली. मान वाकडी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर बघत उभी राहायची. मी शेजारी उभी राहून “अजून आलं नसेल” म्हणायचे. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मी गुडघा दुखतोय म्हणून घरीच राहिले — तोही दुखत नव्हता. सहाव्या दिवशी ती एकटी जाताना समोरून द्राक्षांच्या क्रेटचा ट्रॅक्टर आला. तिला तो दिसला नाही, आवाज आला. ती रस्त्याकडेच्या चारीत कोसळली. खऱ्या गुडघ्याला तीन टाके.

सातव्या दिवशी साडेपाचला, पट्टी बांधलेला पाय घेऊन माझ्या फाटकाशी उभी. “चल.” स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या फाटकाशी कळलं. ठरवलं, आज झाडाखाली सांगून टाकायचं.

तिचा पाय दुखत होता म्हणून बांधावर आम्ही सायकली हातात धरून चाललो. आंब्याखाली पोचलो आणि वास आला.

कपाटामागे मेलेला उंदीर तुम्ही हुंगला असेल. असे शंभर उंदीर, त्यावर ओलं कातडं आणि त्यावर चुन्यासारखी नाकात चढणारी तिखट झाक. डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी कोंबड्यांच्या आतड्याचं पोतं टाकलं असेल म्हणून मी बांधाच्या दोन्ही बाजू उतरून बघितल्या. काही नाही. आणि वास फक्त झाडाखाली. पाच पावलं बाजूला गेलं की तलावाचा नेहमीचा वास, जो त्या दिवशी मला अत्तरासारखा वाटला. विज्ञानाची बाई ना, तीनदा पावलं मोजून खात्री केली. आंब्याच्या बुंध्यावर पक्ष्यांच्या शिटेचे पांढरे ओघळ होते — ओले, खाली ठिबकणारे. मी आले त्या चारही सकाळी तो बुंधा कोरडा ठणठणीत होता.

नसीम मान वाकडी करून वर बघत होती. “सात हैत,” ती हळूच म्हणाली.

मी दुर्बीण लावली. वाळक्या फांद्या, मागे आभाळ. बाकी काही नाही.

“त्ये मदलं बग, पंख सोडून बसलंय. मानंला केस न्हाईत, खाली पांडरी लोकर. आनि कडंचं म्हातारं दिसतंय.”

दुर्बीण पुसली, परत लावली. पक्षी नाही. पण तळ्याकडची एक फांदी बादली टांगल्यासारखी खाली वाकलेली होती. वारा नव्हता. म्हटलं, हे वाढायच्या आत सांगून टाकू. नजर वरच ठेवून मी म्हटलं, “नसीम, मला तुला एक सांगायचंय —”

आणि वरून पडलं.

टोपी, कपाळ, चष्मा, जाकीट. बोलायला उघडलेल्या तोंडातही थोडं गेलं. गरम होतं. बुळबुळीत, करड्या रंगाचं, त्यात केसांच्या गुंतवळी आणि चामड्याचे अर्धवट पचलेले तुकडे. गिधाड घाबरलं की पोटातलं ओकून टाकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. चव पुस्तकात दिलेली नव्हती. मी सांगते — आंबट, आणि मग खारट. मी तिथेच बसून रिकामं पोट आणखी रिकामं केलं.

नसीमने तिची पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर ओतली. माझ्या खांद्यावरचा एक तुकडा चिमटीत धरला, बोटांनी चोळला आणि हुंगला. तिचा चेहराच बदलला. “मीट लावल्यालं हाय,” ती म्हणाली. “कडंचं कातडं हाय गं ह्ये.”

तासगावात कातड्याचं गोदाम तिच्या अब्बांचंच, आणि ते बंद पडून चाळीस वर्षं झाली होती.

मी ओकत होते आणि ती पदराने माझे कान पुसत होती. पुसता पुसता हसायला लागली. “तिसरीत तू माज्या शेजारनं उटून खिडकीपाशी बसली हुतीस. बाईंना म्हनलीस, हिला वास येतुया.”

मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे केलं असणारच. तेव्हाची मी तशीच होते, नाक वर असलेली.

“आता उटू का मी तुज्या शेजारनं?”

“ऊठ.”

“न्हाई उटत,” म्हणाली आणि माझा दुसरा कान पुसायला लागली. तेवढ्यात सतरंजी झटकल्यासारखा आवाज झाला. एकदा, मग भराभर. माझ्या तोंडावर वारा आला, बांधावरची धूळ उडाली, आणि ती वाकलेली फांदी सुटून वर गेली. नसीमची मान हळूहळू डोंगराच्या दिशेने वळत गेली. गालावरून पाणी वाहत होतं, पुसलं नाही.

मग म्हणाली, “लिही. सात.”

मी लिहिलं. खरं सांगायचं होतं ते गिळलं — बाकीच्यासोबत.

घरी फाटकातच सून भेटली. “आई, गटारात पडलात का?” एवढंच बोलली आणि तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. तेव्हा दिवस गेले नव्हते, हे तिने मला नंतर रागाने सांगितलं. जाकीट परसात जाळलं. शिकेकाई, लिंबू, डेटॉल, तीन दिवस अंघोळी. तरी तिसऱ्या रात्रीपर्यंत उशीला वास येत होता. सुनेला विचारा, ती खोटं बोलत नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

आता तुमचे शेरे मीच लिहिते. नसीमच्या डॉक्टरांना मी पुढे मुद्दाम भेटले. मधली नजर जाणाऱ्या माणसांना कधीकधी नसलेली चित्रं दिसतात म्हणाले — माणसं, फुलं, पक्षी. वेड नव्हे, मेंदू रिकामी जागा भरतो. पटलं. मग माझ्यावर काय पडलं? बगळे ओकतात, पण बगळ्याच्या ओकारीत मासे असतात, केस नसतात. घार असती तर मला दिसली असती. कुणी गंमत केली म्हणावं, तर वठलेल्या झाडावर लपायला पानसुद्धा नव्हतं. तुकडा जपून ठेवायला हवा होता, पण नसीमने तो तिथेच मातीत पुरला आणि मी उकरला नाही. नऊ वर्षं झाली, मला उत्तर मिळालेलं नाही.

नसीमची मधली नजर डॉक्टर म्हणाले तशीच गेली. माझं तोंड तिला दिसत नाही, ती म्हणते फायदाच आहे. आणि मी नऊ वर्षं गप्प. भीती अशी की माझं एक गिधाड खोटं ठरलं की तिची सातही उडून जातील, आणि तिच्याकडे बघितलेलं असं शेवटचं तेवढंच आहे.

पण तिच्या नकळत हे छापायला देणं मला जमेना. गेल्या आठवड्यात तिच्या ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. तिने ऐकलं, उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. चहाचंही विचारलं नाही. दोन दिवस फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचाच आला.

“टाके पडले माज्या पायाला.”

“हो.”

“लिहिलंस ते?”

“लिहिलंय. तीन.”

“तुजं एक खोटं हुतं. ते तुजं तू निस्तर,” ती म्हणाली. “माजी किती लिहिलीस?”

“सात.”

“मग धाड.”