सोनबाचा नागराज

साप चावला तर त्या वाडीत 'पान लागलं' म्हणत, आणि लागलेलं पान सोनबा मंत्रानं उतरवी. पोलादपूरच्या डोंगरभागात त्याचा लौकिक मोठा. वीस वर्षांत धामण चावलेला एकही माणूस त्याच्या हातून दगावला नव्हता. नाग चावलेले दगावत, पण त्यांचं आयुष्यच तेवढं होतं, असं सोनबा सांगे, आणि मेलेली माणसं काही वाद घालायला येत नसत.

एकतीस सालच्या शिमग्याला सोनबाचा पुतण्या भिकू ब्रह्मदेशातल्या लाकडाच्या वखारीतून घरी आला. त्यानं आणलेली सापाची कात ओटीवर पसरली, तर शेपटी अंगणात गेली.

"ह्यो नागराज," भिकू म्हणाला. "सायेब लोक किंग कोब्रा म्हनतात. दुसऱ्या सापांनाच खातो."

सोनबानं चिमूटभर तपकीर ओढली. "तुडीलला दोघांचं उतरवलंय म्या याचं."

"पन काका, ह्यो आपल्याकडं नाय."

"म्या उतरवल्यापासून नाय."

आठ दिवसांनी माळ्यावरचा पेंढा काढताना सोनबाच्याच मनगटाला काहीतरी डसलं. लांबलचक पिवळसर अंग पेंढ्यात सरकलं. वीस वर्षं पाठ असलेला मंत्र पहिल्या ओळीपुढं जाईना.

"नागराज गो," तो बायकोला म्हणाला. "गाडी जुंप. महाडच्या दवाखान्यात चल."

"अवं, मंत्र म्हना की," ठकूबाई म्हणाली.

"त्यो दुसऱ्यासाठी असतो."

वाटेत त्याची जीभ जड झाली, तरी तो बोलतच राहिला. नाग चावलेला एकही माणूस आपल्या मंत्रानं वाचला नाही. भागोजीच्या सुनेला वेळेत महाडला नेता आलं असतं. हे सांगताना तो रडला.

"मला ठावं हाय," ठकूबाई बैल हाकत म्हणाली.

डॉक्टरांनी मनगट धुऊन पाहिलं. "धामण आहे. दातांची बारीक रांग बघा. विष नाही. पान उतरवणारे ते तुम्हीच ना?"

सोनबाची जीभ तत्काळ हलकी झाली आणि तो गाडीकडे वळला.

परतल्यावर सगळी वाडी अंगणात उभी होती. नागराज पचवून आलेला माणूस पाहायला शेजारच्या गावचेही आले होते. सोनबानं कुणाचा हिरमोड केला नाही. मात्र त्या दिवसापासून त्यानं नियम घातला: मंत्र घरी लागू होत नाही, महाडकडे निघालेल्या गाडीतच होतो.

पावसाळ्यात वाडीतल्या साळूबाईला नाग चावला. सोनबा गाडीत बसून सबंध वाटभर पुटपुटला, दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली आणि बाई वाचली. मानाचा नारळ अर्थातच सोनबाकडे आला. ठकूबाईनं तो बाजाराच्या दिवशी महाडला नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. कशाचा, ते तिनं सांगितलं नाही.