सरांच्या मोबाईलवरची हिरवी खूण

मी लिहायला बसले, याची आधी माफी मागते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेली मी पहिली. चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे झालं ते लिहिणार आहे.

भरल्या वर्गात सर म्हणाले, "या बाईसाहेब काल माझ्या दारात वसुलीला आल्या होत्या. सरकारचं खाऊन पोट भरत नाही यांचं."

वर्ग हसला. माझ्या शेजारची मैत्रीणही हसली.

वसुली कशाची, ते सांगते. मानोऱ्याजवळ आमचं गाव. आई दिवसा दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते आणि उरलेल्या वेळात गोधड्या शिवते. मी मोबाईलवर पेज काढून फोटो टाकले. पुण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. कारंज्यातली माझी खोली आणि मेस त्याच पैशांवर. मग पेजवर सरांचा मेसेज आला. चार हव्यात, घरी आणून दे.

आई दोन महिने शिवत होती. "कॉलेजच्या सरायच्या घरी जाईन माही गोधडी," म्हणायची.

आम्ही दोघी घेऊन गेलो. ओट्यावरच थांबवलं. सरांच्या बायकोनं एक घडी दोन बोटांनी उलगडली.

"आत जुने कपडे कुणाचे भरलेत? तुमच्याच घरातले नाहीत ना?"

"नवं कापड हाये, बाई," आई म्हणाली.

सरांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. सहा हजार. हिरवी खूण. "पाहून घे, गेले."

माझा हात पिशवीतल्या मोबाईलकडे गेला. आईनं मनगट दाबलं. "राहू दे. सरायच्या समोर तपासतं का कोनी?"

आम्हाला हेच शिकवलंय. गुरुजींसमोर मोजायचं नाही. मी मोबाईल काढला नाही. तीच चूक.

पैसे आले नाहीत. चार दिवस वाट पाहिली आणि विचारायला गेले. सरांनी तीच पावती माझ्या मोबाईलवर पाठवली. "हा पुरावा. आता मला चोर ठरवतेस?" दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाक्य. त्याच आठवड्यात सरांनी पेजवर तक्रार टाकली, विक्रेती फसवते म्हणून. पेज बंद झालं. पुण्याच्या दोन गोधड्या शिवून घरात पडल्या.

सहा हजार त्यांच्यासाठी काहीच नव्हते. म्हणूनच जास्त लागलं.

पण वर्ग हसला तेव्हा मी उभी राहिले होते. "सर, त्या पावतीवरचा नंबर फळ्यावर लिहा. मी बँकेत विचारते."

"बाहेर हो."

बाहेर झाले. सरळ बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी नंबर तपासला. "असा व्यवहारच नाही. खोटी पावती दाखवणारं ॲप मिळतं आजकाल. कोण आहे हा?" मी नाव सांगितलं. त्यांनी आवाज खाली केला. "जाऊ दे ना. परीक्षा आहे ना तुझी?"

मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं. पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

मग कॉलेजचा शिपाई खोलीवर आला. तो आमच्याच वस्तीतला, मी त्याला काका म्हणते. "सर म्हनतात, सहा हजार घे अन् गैरसमज झाला असं लिहून दे. इंटर्नल मार्क त्यायच्या हातात हायेत, बाई. कायले आंगावर घेतं?"

मी आईला फोन लावला. भाड्याची तारीख उलटून गेली होती, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "माह्या टाक्याचे पैसे देत असन तर घे. आपून खोटं बोललो असं लिव्हाचे देत असन, तर नको."

मी काकांना म्हटलं, "सरांना सांगा, पैसे खात्यावर टाका. मी तपासून घेईन. लिहून काही देणार नाही."

पैसे आले नाहीत.

आज दुपारी निकालाची बातमी आली. त्या दिवशी हसलेल्या मैत्रिणीनंच फोन केला. बाकी सगळ्या विषयांत पास. सरांच्या विषयात इंटर्नलला शून्य. मी तिला यादीचा फोटो मागितला. आल्यावर मोठा करून पाहिला, दोनदा. शून्यच होता.

तो फोटो घेऊन मी आता पोलीस ठाण्यात निघाले आहे. कालपर्यंत एक तक्रार होती. आज दोन.