भैयाजींची म्हातारी घोडी

भैयाजी तीस वर्षं पुण्यात रेसच्या घोड्यांचे सईस होते. बासष्टाव्या वर्षी नागपूरला परतले ते सोनाला ट्रकमध्ये घालूनच. सतरा वर्षांची घोडी. शर्यती संपल्यावर रायडिंग शाळेत माणसं वाहून वाहून तिचा पुढचा गुडघा कायमचा सुजला होता. मालक म्हणाला होता, "न्या, नाहीतर कोणाला तरी देऊन टाकतो." त्या 'कोणाला तरी'चा अर्थ भैयाजींना पक्का ठाऊक होता.

नागपुरात जरीपटका भागात त्यांचं घर दोन खोल्यांचं. घोडी गल्लीत बांधली, तर तिसऱ्याच दिवशी बँडवाला प्रीतम हजर.

"काका, वरातीसाठी द्या ना. काय रुबाब आहे तिचा!"

"गुडघा नाही दिसत का तुले? डांबरावर तासभर उभी नाही राहू शकत."

सोनाला ठेवायला जागा शोधत भैयाजी गोशाळेत गेले. तिथे फक्त गाई घेत होते. एका संस्थेनं अर्ज, फोटो, डॉक्टरचा दाखला मागितला. तीन हेलपाट्यांनंतर सांगितलं, जागा नाही. शेवटी नरखेडजवळ धाकट्या बहिणीच्या, देवकीच्या संत्राबागेत घोडी नेऊन ठेवली. देवकीचे यजमान चंपतराव लगेच हो म्हणाले. भैयाजी निर्धास्त झाले आणि तिथंच फसले.

पंधरा दिवसांनी एसटीतून उतरतात तो काय, सोना रस्त्याकाठी उभी, गळ्यात झेंडूची माळ. पाठीवर बाग बघायला आलेला एक जाडजूड पाहुणा, समोर मोबाइल धरून त्याची बायको.

"उतरा खाली!" भैयाजी असे कडाडले की पाहुणा घसरूनच उतरला.

देवकी धावत आली. "दादा, काहून ओरडून राहिला? फोटोच तं काढून राहिले ते."

"तिच्या पायात जीव नाही वं, देवके!"

"मंग नुसतं खायाले घालाचं? आमच्या इथं बैलही बसून खात नाही."

"उभा जन्म लोकाईले पाठीवर वाह्यलं तिनं. आता तिले नुसतं राहू द्या म्हणतो, तं कोणाच्या डोक्यात शिरत नाही!"

चंपतराव शांतपणे म्हणाले, "घोडी काम नाही करत, तं भैयाजी तुमी करा. मले रखवालदार पाह्यजेच आहे."

रागाच्या भरात भैयाजी हो म्हणून बसले. पत्र्याच्या खोलीत बाज टाकली. दिवसभर माकडं हाकलायची, झाडांना पाणी द्यायचं. कंबर धरली की देवकीवर चिडायचे, मग स्वतःवर.

एका सकाळी सोनानं मोकळ्या मातीत अंग टाकलं आणि पाय झाडत मनसोक्त लोळली. ते क्षणभर बघत राहिले. मग झाडांना पाणी सोडायला मोटरचं बटण दाबलं, तर लाइट गेलेली. कपाळावर हात मारून भैयाजी चंपतरावांच्या नावानं ओरडत निघाले.