लाखेवरचा ठसा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आधी नोकरी होती म्हणून, मग पेन्शन सुरू व्हायची होती म्हणून, मग धाकटा भाऊ कंपनीतून रिटायर व्हायचा होता म्हणून. शेवटी काहीच कारण उरलं नाही, तरी टाळलीच. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी सुजाताचा फोन आला. "काका, बाबा गेले... झोपेतच." मी निगडीच्या घरी गॅलरीत शेवंतीच्या कुंडीला पाणी घालत होतो. तांब्या तसाच तिरपा राहिला, पाणी कुंडीतून वाहून पायांपर्यंत आलं. माझा साठ वर्षांपासूनचा मित्र मधुकर कांबळे गेला होता, आणि मनात पहिली गोष्ट आली ती दुःखाची नव्हती. सुटलो, असं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. लपवण्यातच आयुष्य गेलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर सुजाताने मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. म्हणालो, "मधू मास्तर निर्भय माणूस. शाळांच्या खोल्यांची कंत्राटं कशी दिली जातात, याची चौकशी त्या काळात एकट्याने केली त्याने." माणसांनी माना डोलावल्या. त्या चौकशीचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं नाही. मी निर्भय म्हणालो. तो कुणापुढे निर्भय राहिला, आणि कुणासाठी गप्प राहिला, ते गिळून खाली बसलो. ते आता लिहितो आहे.

आम्ही दोघं पहिल्यांदा भेटलो ते चिंचवडगावात, नदीकडच्या आळीत एका खोलीत. तो मास्तरकीचं ट्रेनिंग करत होता, मी टायपिंग शिकत होतो. मी चाकणकडचा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे वडील लष्कराच्या डेपोत गणवेश शिवायचे. त्या दिवसांची आठवण आली की मला नेहमी पहाटेचं धुकंच आठवतं... पवनेवरून सरकत ते खोलीच्या दारापर्यंत यायचं, आणि त्या धुक्यातून पिंपरीच्या कंपनीचा भोंगा वाजायचा. सायकलींवरून माणसं पहिल्या शिफ्टला निघालेली असायची. माणसं दिसायची नाहीत, फक्त घंट्या ऐकू यायच्या. मधू म्हणायचा, "दत्ता, हे सगळे झोपेतच कामाला चाललेत बघ. गेटावर पोचले की जागे होतील." एका ताटात जेवलो आम्ही. माझ्या आईला ते कळलं तेव्हा ती काही दिवस अबोल होती, मग एकदा तिनेच त्याच्यासाठी भाकरी बांधून दिली.

मला तालुक्याच्या कचेरीत बांधकामाच्या टेबलावर कारकुनाची जागा मिळाली, तेव्हा मधूने मला एक भेट दिली. त्याच्या वडिलांचं अंगुस्तान. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटाच्या टोकावर घालतात ती पितळेची टोपी. वडील नुकतेच वारले होते. मी म्हणालो, "अरे, हे तुझ्याकडे ठेव." तो म्हणाला, "मी खडू धरणार. तू दाभणाने फायली शिवणार. बोट फोडून घेशील लेका." टोपीभर बारीक खळगे होते, आणि टोकाला एका जागी सुई रेटून रेटून ते झिजले होते. तेवढी जागा चंद्रकोरीसारखी गुळगुळीत. आयुष्यभर गणवेश शिवून त्या बापाने पितळेवर उमटवलेली कोर.

फायली शिवताना मी ते घालायचो. पण हळूहळू त्याला दुसरं काम लागलं. कचेरीची मोहोर साहेबांच्या कपाटात असायची, आणि साध्या पाकिटांवर लाख ओतली की आम्ही हाताला येईल ते दाबायचो, कुणी बाटलीचं बूच, कुणी दौतीचं झाकण. मी बोटातलं अंगुस्तान दाबायचो. गरम लाखेवर दाणेदार गोल उमटायचा, मधे ती कोर. त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. मला मात्र ते आवडायचं... लाखेचा वास, मेणबत्तीची ज्योत, आणि बोटाला जाणवणारी ती मऊ ऊब. पुढे पुढे हात आपोआप ते करायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. मधू तेव्हा भामा नदीकाठच्या एका गावात हेडमास्तर होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या शाळेला नवी खोली मंजूर झाली. नियम असा की कमीत कमी तीन निविदा आल्या पाहिजेत, तिन्ही लाख लावून बंद, आणि सगळ्यांसमोर फोडायच्या. आमच्या भागात एकच कंत्राटदार सगळी कामं घ्यायचा, त्याला सगळे आप्पा म्हणायचे. आप्पा माझ्या घरी आला, चहा पिऊन म्हणाला, "दत्ताभाऊ, तीन पाकिटं पायजेत, नियम तुमचाच. एक माजं, एक माज्या मेव्हण्याचं."

"आणि तिसरं?"

"मेव्हण्याला मेव्हणा नसतो व्हय राव?"

मी हसलो. हसलो म्हणजे हो म्हणालोच. माझा भाऊ दोन वर्षं पिंपरीच्या गेटांवर चकरा मारत होता, आणि आप्पाची एका कंपनीत ओळख होती. पुढच्या महिन्यात भाऊ आत लागला, वर्षाने पर्मनंट झाला. बदल्यात मी तीन पाकिटं घरी नीट तयार केली. तीन जणांकडून लिहून घेतली, तीन शायांत, कागदही वेगवेगळे. कुणाला शंका येणार नाही अशी तजवीज केली. मग मेणबत्ती लावली, लाख ओतली... आणि सवयीने तिन्हीवर अंगुस्तान दाबलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. खोली मधूच्याच शाळेची आहे हे मात्र पुरतं लक्षात होतं. मी मनाशी म्हटलं, त्याच्या पोरांना लवकर छप्पर मिळेल.

छप्पर मिळालं. वर्षाच्या आत मागची भिंत फाटली, फटीतून पंजा आत जाईल इतकी. मधूने वर्ग बाहेर चिंचेखाली आणला आणि स्वतः शोधाला लागला. दर रविवारी सायकलवर एकेका गावाला जायचा. आप्पाने बांधलेल्या प्रत्येक खोलीच्या भेगा वडिलांच्या शिंप्याच्या टेपने मोजायचा आणि वहीत मांडायचा. महाळुंग्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं होतं, "मास्तर, भिताडाला झंपर शिवताय व्हय?" मधू म्हणाला, "न्हाई आजोबा, उसवलंय किती ते बघतोय." हे मला त्यानेच सांगितलं, चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाआड चहा पिताना, पोट धरून हसत. मीही हसलो. मग तो गंभीर झाला. "दत्ता, भिंती वाईट आहेत हे आंधळ्यालाही दिसतं रे. पण दर वेळी तोच माणूस कसा येतो? ते भिंतीत नाही, कागदात आहे. मी फाईल बघायचा अर्ज देणार आहे." मी म्हणालो, "दे की." मला भीती नव्हती. अक्षरं तीन होती, शाया तीन होत्या.

साहेब म्हणाले, "दाखवा, सगळं नियमात आहे." फाईल मीच त्याच्यापुढे ठेवली. दुपारची वेळ होती, कचेरी पेंगत होती. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा टेबलावर पडला होता आणि त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती, जणू तिला कुठेच जायचं नव्हतं. मधू एकेक कागद उलटत गेला. निविदा वाचल्या, रिकामी पाकिटं पालथी केली. फुटलेली लाख उन्हात डाळिंबाच्या दाण्यासारखी चमकली. त्याचा हात थांबला. त्याने पहिल्या ठशावरून अंगठा फिरवला... मग दुसऱ्या... मग तिसऱ्या. एखाद्याने गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून हात फिरवावा, तसा. तेव्हा मला कळलं. आजही स्वप्नात ती दुपार येते. खोलीला छप्पर नसतं, वरून चिंचेची पानं पडत असतात, आणि मी लाख खरवडत असतो, पण कोर काही निघत नाही.

त्याने फाईल बंद केली. म्हणाला, "अजून हातानेच कागद शिवतोस ना?"

"हो."

"बोट सांभाळ."

चौकशीला वरून एक अधिकारी आले. जबाब लिहून घ्यायला साहेबांनी मलाच बसवलं. जबाब मी नेहमी लिहायचो. मधूने भेगांची वही ठेवली, मग तिन्ही पाकिटं शेजारी शेजारी मांडली. "साहेब, तीन माणसांची पाकिटं एकाच हाताने बंद झालीत. ठसा बघा."

अधिकाऱ्याने विचारलं, "कुणाचा ठसा आहे हा?"

मी मान वर केली नाही. माझा टाक दौतीत होता. मधूचा आवाज अगदी शांत आला. "ओळखतो मी, साहेब. पण सांगणार नाही. तीन पाकिटं एका घरची आहेत एवढं मी दाखवलं. घर शोधणं तुमचं काम."

मी लिहिलं : 'ठसा कोणाचा आहे हे अर्जदारास माहीत नाही.'

एवढंच केलं मी. एक वाक्य. जबाब त्याच्याकडे वाचायला गेला. त्या ओळीवर तो थांबला ते मी पाहिलं. त्याने ती दुरुस्त करायला लावली असती, तर कारकुनाने असं का लिहिलं, हा प्रश्न आला असता, आणि मग सगळंच उसवलं असतं. त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी टाक दिला. त्याने सही केली आणि टाक पुसून परत दिला.

अर्ज बिनबुडाचा ठरला. ठसा कोणाचा हे ज्याला माहीतच नाही, त्याच्या संशयाला काय किंमत? असल्या खुणा कुणीही उमटवतं, असा शेरा पडला. पावसाळ्याआधी मधूची बदली डोंगरात झाली, एस.टी.तून उतरून दोन तास चालत जायचं गाव. सुजाता तेव्हा तान्ही होती. गावात आप्पाची माणसं म्हणत, 'मास्तरनं उगाच नाक खुपसलं, आता घ्या डोंगरची हवा.' मी त्याला निरोप द्यायला गेलो नाही. पुढे दिवाळीनंतर एक कार्ड आलं, त्याच्या सुबक अक्षरात. 'दत्ता, सुट्टीत ती खोली बसली असं कळलं. आत कुणी नव्हतं. नव्या मास्तरांनीही वर्ग चिंचेखालीच ठेवला होता. तुला झोप लागावी म्हणून कळवतो.' शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेन! टोमणा शोधला त्यात. सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो, हे कुणाला खरं वाटणार नाही. लग्नं, बारशी, मयतं. माझ्या भावाने चऱ्होलीला घर बांधलं तेव्हा वास्तूच्या जेवणाला मधू आला, भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पक्कं बांधलंस हो." भावाला काहीच माहीत नाही. हे वाचून कळेल.

शेवटचं भेटलो ते तो जाण्याच्या दोन महिने आधी, सुजाताच्या घरी. त्या दिवशी मी अंगुस्तान खिशात घालून गेलो होतो. ते परत द्यायचं आणि बोलायचं, असं ठरवून. मधू खिडकीशी बसून सदऱ्याचं बटण लावत होता. ही त्याची जुनी सवय. शाळेत खडूच्या डब्यात सुई-दोरा ठेवायचा आणि पोरांची तुटलेली बटणं लावून द्यायचा. आता हात थरथरत होते. सुई बोटात गेली, त्याने बोट तोंडात घातलं आणि हसला. मग खिडकीबाहेर बघत, सहज विचारावं तसं म्हणाला, "दत्ता, ते बाबांचं अंगुस्तान रे... आहे का तुझ्याकडे अजून?"

माझा हात खिशात होता. पितळ मुठीत गरम झालं होतं. त्याने मला दार उघडून दिलं होतं, पन्नास वर्षांनी. फक्त हात बाहेर काढायचा होता.

मी म्हणालो, "हरवलं रे. केव्हाच."

 तो पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. "असू दे," म्हणाला. "चहा घे, निवतोय."

अंगुस्तान आत्ता इथे टेबलावर आहे. दुपारचं ऊन त्यावर आलं की कोर लकाकते. उद्या ते सुजाताला नेऊन देईन. तिच्या आजोबांचं आहे. पण जे मधूला द्यायचं होतं ते तिला देता येणार नाही. रोज ते बोटावर चढवतो आणि तिथे खिडकीशी तो बसलाय असं समजून म्हणून बघतो... "मधू, हरवलं नव्हतं. ते माझ्या खिशात होतं. आणि तुला माहीत होतं, हेही मला..." एवढ्यावरच थांबतो. पुढचे शब्द अजूनही येत नाहीत.