आजीपदावर अतिक्रमण

माझ्यासारखीच एक म्हातारी लॉ कॉलेजात शिकायला आली, म्हणून मी तिला भर हॉलमध्ये रडवायला निघाले. आणि त्या कामासाठी जी पोरं मला पुढे ढकलत होती ती आपली माणसं आहेत असं समजले. मूर्खपणा एवढाच. पण तो मी काळा कोट घालून, इस्त्री करून केला.

तेव्हा मी लहान होते, अशी सबब सांगायची सोय नाही. चांगली बासष्ट वर्षांची होते. आज त्या बासष्ट वर्षांच्या पोरीकडे मागे वळून पाहिलं की वाटतं, हिच्या दोन वेण्या घालून हिला कोणीतरी घरीच बसवायला पाहिजे होतं.

घरी बसून करायचं काय, हा मात्र प्रश्न होता. एका ऑफिसात तक्रारींच्या खिडकीमागे माझी नोकरी झाली. रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या माणसाला तो रडेपर्यंत कसं बोलायचं, हे मला पगार घेऊन शिकायला मिळालं होतं. नवरा गेला, नोकरी संपली, आणि प्रताप नगरच्या आमच्या घरात माझं काम एकच उरलं: पार्सलवाला आला की दार उघडायचं. लॉला वयाची अट नाही असं कुठेसं ऐकलं आणि मी प्रवेश परीक्षेला बसले. मुलगा म्हणाला, "आई, टाइमपास म्हणून चांगलं आहे." त्या एका वाक्यासाठी मी पास झाले.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळा वर्ग उभा राहिला. त्यांना वाटलं, प्रोफेसर आल्या. मी म्हटलं, "बसा." बसले. मी टेबलामागे जाऊन एकेकाला नाव, गाव, बारावीचे टक्के विचारत सुटले. खऱ्या सरांनी दारातून नमस्कार करून "मॅडम, आपण कुठल्या विषयाला?" असं विचारलं, तेव्हा वर्गाला उलगडा झाला. त्या दिवसापासून मी कॉलेजची आजी. कँटीनमधलं खिडकीजवळचं लांब टेबल म्हणजे आजीचं टेबल. मी डब्यात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, नेत असे आणि पोरी माझ्याभोवती चिमण्यांसारख्या जमत. वकिलीचं मला काही पडलेलं नव्हतं. मला त्या टेबलावर बसायचं होतं.

दुसरं वर्ष सुरू झालं त्या सकाळी मी केसांना मेंदी लावून गेले. आवारात गाड्या लावायला जागा नव्हती. सुट्टीत एकीचं लग्न जमलं होतं, एकाचं फिसकटलं होतं. एक जण मिशी ठेवून आला होता. ती त्याला शोभत नव्हती, हे त्याला मीच सांगितलं. ज्यांचे विषय राहिले होते ते सर्वांत मोठ्यानं हसत होते. आणि माझी वर्गप्रतिनिधी, नंदनवन वस्तीतली एक चटपटीत पोरगी, स्कूटीवरून न उतरताच म्हणाली, "आजी, तुमची नोकरी गेली. नवीन आजी आली फर्स्ट इयरला. आजी टू पॉइंट ओ."

मी हसले. सवत आल्याचं कळल्यावर बाई हसत असेल, तशी.

ती नोटीस बोर्डाजवळ उभी होती. पन्नाशी उलटलेली, अंगावर नऊवारी नाही, साधी सुती गोल साडी, पायात रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मोसंब्या. नरखेडकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणार होती. दोन पोरी तिच्याशी बोलत होत्या आणि त्यांच्या हातात सोललेली मोसंबी होती. त्या माझ्या पोरी होत्या. गेल्या वर्षी माझ्या वड्या खाऊन ज्यांची वजनं वाढली, त्या.

आमच्या कॉलेजात एक चाल होती. नव्यांच्या स्वागताला दुसऱ्या वर्षाची मुलं एक खोटा खटला भरवत. मूट कोर्टाचा हॉल, म्हणजे जिथे विद्यार्थी वकिलीची तालीम करतात तो, त्या दिवशी गच्च भरे. एका नवख्याला पिंजऱ्यात उभं करायचं, काहीतरी फालतू आरोप ठेवायचा, उलटतपासणी घ्यायची आणि शिक्षा सुनवायची. आदल्या वर्षी एका पुणेरी मुलाला तर्रीशिवाय पोहे खाल्ल्याबद्दल दोषी ठरवलं होतं.

"या वर्षी आरोप आहे आजीपदावर अतिक्रमण," नंदनवनची पोरगी म्हणाली. "आणि आजी, सरकारी वकील तुम्ही. तुमच्याशिवाय कोण करेल?"

तुमच्याशिवाय कोण. हे दोन शब्द ऐकायला मी एसटीच्या टपावर बसून नरखेडला गेले असते. आमच्याकडे कोंबडबाजारात झुंजीआधी कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधतात, तेव्हा कोंबडाही मान ताठ करत असेल. आपला सत्कार चाललाय असं त्याला वाटत असेल.

हॉलमध्ये न्यायाधीश म्हणून तिसऱ्या वर्षाचा एक लांबुडका मुलगा बसला होता, बापाचा कोट घालून. तो आत आला तेव्हा ती पिंजऱ्यात हात जोडून उभी राहिली, खऱ्या कोर्टात राहावं तशी. हॉल खदखदला. मी पहिला घास तिथेच घेतला.

"आरोपीनं हात खाली घ्यावेत. हा देव्हारा नाही. शिक्षण?"

"बीए."

"कुठून?"

"मुक्त विद्यापीठातून, जी."

"म्हणजे भाकरी थापता थापता."

"हव जी."

हशा. मी आणखी ताठ झाले.

"नातवंडं?"

"तीन हायेत."

"त्यांना कोण सांभाळतं?"

"सून सांभाळते."

"म्हणजे सुनेच्या गळ्यात तीन पोरं बांधून तुम्ही इथं मोसंब्या वाटत फिरता." मग माझा सुवर्णक्षण आला. मान तिच्यासारखी खाली घालून, पदर सावरून, मी तिच्याच बोलीत विचारलं, "मंग काहून आली वं इथं?"

हॉल कोसळला. पोरं बाकं बडवत होती. खरं सांगायचं तर ती माझ्या आईची बोली होती. नोकरी लागल्यावर मी मले-तुले गिळून टाकलं आणि त्यावर शुद्ध मराठीचा ढेकर दिला. त्या दिवशी पहिल्यांदा ते पुन्हा तोंडात आणलं, ते दुसरीवर थुंकायला.

ती काही हसली नाही. हशा ओसरेपर्यंत थांबली आणि सांगू लागली. "आमची धुऱ्याची केस होती, वावराच्या बांधाची. शेजाऱ्यानं धुरा आमच्या वावरात सरकवला. तारखेले जावो अन् परत येवो. वकील काय बोलून राहिला, कायच समजे ना. म्हटलं आपणच शिकून पाहाव."

"केसचा निकाल लागला?"

"लागला."

"काय लागला?"

"हारलो जी."

इथे एखाद्या बऱ्या बाईनं खाली बसायला पाहिजे होतं. हॉलमध्ये काही जण हसले, काही हसले नाहीत. मला फक्त हसणारे ऐकू आले.

"म्हणजे धुरा गेला. मग आता शिकून तो काय परत येणार आहे? कोर्टाला खरं कारण सांगा. घरी तुम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून तुम्ही इथं आलात."

उलटतपासणीत आपल्याला ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये, असं शिकवतात. मला उत्तर ठाऊक होतं. माझ्या घरचंच होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मेंदी लावलेल्या केसांपासून कोटाच्या बटणांपर्यंत, सावकाश.

"तुमाले विचारतेत का जी?"

त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो. मी म्हटलं, "ऑब्जेक्शन. आरोपीनं प्रश्न विचारायचा नसतो." न्यायाधीश पोरगा डोळे पुसत म्हणाला, "ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड. आजी, उत्तर द्या." मागून पोरं एका सुरात "उत्तर द्या, उत्तर द्या" म्हणू लागली, आणि त्यात माझ्या टेबलावरचे सगळे आवाज होते. शिक्षा सुनवा, असं मी ओरडले.

शिक्षा झाली. दोन्ही आज्यांनी कोर्टापुढे फुगडी घालावी.

आम्ही घातली. सगळ्यांचे मोबाइल वर होते. दुसऱ्या गिरकीला माझा गुडघा बोलला, तिनं माझी मनगटं घट्ट धरली म्हणून मी पडले नाही. ती धरायला नको होती, असं मला तेव्हाही वाटलं. पडले असते तर निदान कोणीतरी धावलं असतं.

बाहेर आल्यावर मी धापा टाकत नंदनवनच्या पोरीला विचारलं, "कशी झाली माझी उलटतपासणी?" कोण विचारतं असं? बासष्ट वर्षांची विचारते. पोरगी मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाली, "फुगडी भारी झाली, आजी. स्टेटसला टाकली."

मग आठवडाभर तो व्हिडिओ फिरला आणि संपला, आणि त्याच्याबरोबर आजीची फॅशनही संपली. भांडण लावून झालेल्या कोंबड्याला कोणी कुरवाळत नाही. पोरी येता-जाता "हाय आजी" म्हणत आणि पुढे जात. खिडकीजवळच्या टेबलावर मी आणि माझा डबा. एकदा तर एका मुलानं विचारलं, "आजी, ही खुर्ची घेऊ का?" आणि एकामागून एक त्यांनी चार खुर्च्या नेल्या. वड्या मी घरी परत नेई. सून म्हणे, "अहो आई, मग करताच कशाला एवढ्या?"

नवीन आजी आता आठ दिवसांत गाशा गुंडाळेल, अशी मला आशा होती. एसटी, सून, हरलेली केस. कारणं भरपूर होती. एक दिवस ती दिसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवशी मला चहा गोड लागला.

तिसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये आली, तीच पिशवी घेऊन. पोळ्यासाठी गावी राहिली होती म्हणे. इकडेतिकडे पाहिलं, आणि रिकामं टेबल माझंच होतं म्हणून माझ्यासमोर बसली. मी माफी मागावी की नाही याचा विचार करत होते. विचार करण्यात मला नेहमीच वेळ लागतो, बोलण्यात नाही. तिनं मोसंबी सोलली, अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली आणि अगदी मायेच्या सुरात म्हणाली:

"तुमी लय मस्त बोलल्या बाई त्या दिवशी. माह्या सासूची याद आली मले. तेबी अशीच हुशार होती बोलायले. ते मेली तवा मले रडूच येये ना, मंग कांदे चिरत बसली मी."