मामाजींचा चौथा रकाना

वर्धा जिल्ह्यात आजवर एकही इंजिन बिघडलेलं नाही, बिघडली ती फक्त माणसं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला. ते आमच्या नर्सबाईंचे सासरे. नर्सबाई त्यांना मामाजी म्हणत, म्हणून डॉक्टर, कंपाउंडर, ड्रायव्हर, रोगी आणि वयानं त्यांच्याहून मोठे असलेले आमच्या दवाखान्याचे अध्यक्षही त्यांना मामाजीच म्हणत. रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये त्यांनी उभं आयुष्य फिटर म्हणून काढलं. निवृत्त झाले तेव्हा वाफेची इंजिनं शेडमध्येच राहिली, पण ती तपासायची सवय मामाजी घरी घेऊन आले. घरात तपासण्यासारखं काही नव्हतं. सुनेचा स्टोव्ह दोन दिवसांत तपासून झाला. मग त्यांची नजर दवाखान्याच्या मोटारीकडे वळली.

दवाखाना आमचा धर्मादाय. औषधं सोडून बाकी सगळं माझ्याकडे होतं: चादरी, रॉकेल, बादल्या, दुरुस्त्या. मला याद्या करायची सवय आहे आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही. यादी नसती तर त्या दवाखान्यात एक थर्मामीटर टिकला नसता. मोटार अध्यक्षांनी देणगी दिलेली. तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन लढाईच्या काळातच संपलं होतं, म्हणून देण्यापूर्वी त्यांनी तिच्यात कुठूनसं एक जुनं डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. त्यामुळे ती दिसायला विलायती आणि आवाजाला ट्रक होती. लांबून तिचा आवाज ऐकून लोक धान्याचा ट्रक आला म्हणून रस्त्याच्या कडेला सरत आणि आतून नर्सबाई उतरल्या की चकित होत. आठवड्यातून तीन दिवस ती त्यांना घेऊन देवळीकडच्या खेड्यांत जायची. त्या भागातल्या बाळंतिणींना दुसरं कोणी नव्हतं.

मोटार तपासायची मामाजींची एक ठरलेली पद्धत होती आणि ती सुरू झाली की दवाखान्यातले निम्मे रोगी अंगणात येऊन बसत. पहिलं काम म्हणजे सुखदेव ड्रायव्हरनं पुढच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरची काढून टाकणं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून मामाजींनी अंगारा, नवस, दृष्ट या सगळ्यांना रजा दिली होती. "इंजिनाले नजर लागत नाई," ते म्हणत, "नजर लागते तं हे मिरची बांधणाऱ्याची." दुसरं काम ऐकण्याचं. हातोड्याचा एक लाकडी दांडा होता त्यांच्याकडे. त्याचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. कान म्हातारे झाले तरी दात खोटं सांगत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत. दात सातच उरले होते, पण तेवढे पुरत. दांडा तोंडात असताना कोणी बोलायचं नाही. एकदा डॉक्टरांनी पलीकडच्या खोलीतून "पुढचा!" म्हणून हाक मारली, तर मामाजींनी दांडा काढून मला विचारलं, "बाई, या डॉक्टरले कोणी शांततेत तपासू नाई देत, तं तो रागावते ना? मग?"

तिसरं काम सगळ्यांत मोठं, ते म्हणजे ड्रायव्हरची उलटतपासणी. काल काय जेवलास, कुठं झोपलास, बायको बोलते की नाही, इथपासून सुरुवात. सुखदेव कळवळून म्हणायचा, "मामाजी, क्लच घासून राह्यला, त्याले माह्या बायकोचं काय?" त्यावर मामाजी शांतपणे म्हणत, "घरी भांडून आलेला माणूस क्लचवर पाय ठेवून बसते बापा. लोखंडाले राग नाई येत, तुले येते." आणि वाईट एवढंच, की दर वेळी भांडण झालेलं निघायचं.

देवळीला एक पिठाची गिरणी होती. तिचं ऑइल इंजिन रोज दुपारी तापून बंद पडायचं. तीन मेकॅनिक येऊन गेले, तिघांनी तीन भाग बदलले. मामाजी गेले आणि दिवसभर गिरणीसमोर फक्त बसून राहिले. दुपारी गिरणीवाल्याची आई आली, इंजिन थंड ठेवायच्या टाकीतलं गरम पाणी दोन बादल्या काढून घेऊन नातवाच्या आंघोळीला गेली. मामाजी उठले, घरी परतले. गिरणीवाला मागून धावत आला तेव्हा म्हणाले, "इंजिनाले काई झालं नाई. लेकराले घरी पाणी तापवत जाजो."

पण खरी गंमत पुढंच होती. दोष सापडला की तो ज्याच्यामुळे झाला त्यानं सगळ्यांसमोर बॉनेटवर हात ठेवून "माह्यामुळे झालं" म्हणायचं. तोवर मामाजी पान्याला हात लावत नसत. सुखदेवनं हे इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचा हात आपोआप बॉनेटकडे जायचा. डॉक्टरांनी एकदा म्हटलं. घाईच्या वेळी त्यांनी डिझेलच्या टाकीत रॉकेल ओतायला लावलं होतं. मी दोनदा म्हटलं. त्यातलं एक शिवणयंत्राबद्दल होतं, त्याला बॉनेट नसल्यामुळे चाकावर हात ठेवावा लागला. "बाई, यंत्र चांगलं आहे, तुम्ही घाई करता," एवढं बोलून त्यांनी माझी सुई बदलून दिली. मी मोटारीच्या दुखण्यांचं एक रजिस्टर ठेवलं होतं, त्यात तीन रकाने होते: तारीख, लक्षण, कारण. मामाजींनी ते चाळलं आणि म्हणाले, "अर्धंच आहे हे. 'कोणामुळे' कुठं आहे?" मी पट्टी घेऊन चौथा रकाना आखला. त्यात त्यांचं नाव कधी आलं नाही, येण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या वर्षी पौषात थंडी अशी पडली की मोटार सकाळी चालू होईना. डिझेलच्या इंजिनाला थंडीचा तसाही कंटाळा. सुखदेव चिंध्या पेटवून इंजिनाखाली धरू लागला. ते पाहून मामाजी खवळले. "अबे, लेकराले असं उठवते का कोणी? कुल्ल्याखाली जाळ लावून?" ते तडक घरी गेले आणि एक जुनी, जाड, कडा झिजलेली रजई घेऊन आले. संध्याकाळी बॉनेटखाली ती इंजिनावर पांघरायची. सकाळी चालू केल्यावरही थोडा वेळ काढायची नाही, अंग गरम झालं की काढायची, असा हुकूम झाला. मोटार खरंच पहिल्या झटक्यात चालू व्हायला लागली. मी रजिस्टरात उपाय म्हणून नोंद केली.

महिन्याभरात मोटार काळा धूर सोडायला लागली. पहिल्यांदा थोडा, मग इतका की पिपरीच्या चढावर मागून येणारे सायकलवाले उतरून उभे राहत. चढ तिला चढवेना. नर्सबाई उतरून चालत आणि मोटार त्यांच्या मागून यायची. अध्यक्षांनी ती नागपूरच्या एका कारखान्यात पाठवली. तिथल्या मेकॅनिकनं लांबूनच धूर पाहिला आणि एक यादी पाठवली: पिस्टन, रिंगा, पंप, नोझल, इंजिन पुरं उतरवावं लागेल. यादी सुरेख होती, मला मान्य करायला हवं. अध्यक्षांनी ती वाचून चष्मा काढला. "एवढ्यात तर दोन बैलजोड्या येतात. शनिवारी सभेत विकायचा ठराव करू. नर्सबाईंना बैलबंडी देऊ."

बंडीनं एका दिवसात एक गाव व्हायचं. नर्सबाईंनी नववा महिना लागलेल्या बायकांची यादी काढून माझ्या टेबलावर ठेवली. चार गावं, सात नावं. मी ती मामाजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "शनिवार आहे ना अजून?"

शुक्रवारी सकाळपासून त्यांचं काम सुरू झालं. लिंबू-मिरची काढली. दांडा दातांत धरला. उलटतपासणी झाली. सुखदेव यावेळी खरंच निर्दोष होता, बायको माहेरी होती. मामाजी म्हणाले, "अंगात ताकद आहे हिच्या. श्वास नाई घेता येत हिले." आणि आजवर कोणी न उघडलेला एक डबा उघडायला बसले. इंजिन ज्यातून हवा ओढून घेतं तो गाळणीचा डबा. मी आत जाऊन चादरी मोजून परत आले तरी ते तसेच खाली बसलेले होते, उजवी मूठ मिटलेली. मी विचारलं, "काय निघालं?"

त्यांनी मूठ उघडली. तेलानं काळा झालेला कापसाचा लगदा. त्यात एक लाल दोरा होता, दोन टाके अजून धरून असलेला.

"रजई," मी म्हटलं.

"व्हय."

आमच्याकडे कापूस सगळीकडे असतो, चटकन कोणाला काही वाटत नाही. पण रजई झिजत होती आणि चालत्या इंजिनानं रोज सकाळी तिच्यातला कापूस ओढून नाकात कोंबला होता. नागपूरच्या यादीतलं काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. सुखदेवनं तो लगदा पाहिला आणि सवयीनं त्याचा हात बॉनेटकडे निघाला. त्याला वाटलं असावं, रजई रोज आपणच टाकली. मामाजींनी त्याचा हात वरच्या वर धरला. "थांब बे. तुहा नाई नंबर. उद्या पाहू."

शनिवारी सभासद अंगणात जमले. मोटार चालू होती आणि तिच्या मागून इतका निर्मळ धूर निघत होता की अध्यक्ष वाकून वाकून पाहत होते. सुखदेव तिला चढावर नेऊन परतही आला होता. अध्यक्ष म्हणाले, "मामाजी, काय बदललंत?"

"काई नाई. झाडलं."

"मग एवढा बिघाड होता कशाचा?"

आता मामाजींना सुटायला पुष्कळ वाटा होत्या. कापूस या जिल्ह्यात कुठूनही उडून येतो. असं ते म्हणाले असते तर अध्यक्षांनी मान डोलावली असती आणि मी, रजिस्टरवालीसुद्धा, गप्प बसले असते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुढं झाले आणि बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट चांगलंच तापलेलं होतं. त्यांनी हात काढला नाही.

"माह्यामुळे झालं," ते म्हणाले. "रजई म्यां टाकाले सांगितली."

रोगी हसायला आले होते, पण कोणी हसलं नाही. शेवटी सुखदेवच म्हणाला, "मामाजी, जेवून आलेते का घरून? का भांडून?" आणि मग सगळं अंगण हसलं, मामाजी सगळ्यांत जास्त. ठराव मांडलाच गेला नाही. नर्सबाई सोमवारी त्यांच्या यादीवरच्या पहिल्या गावाला गेल्या.

मी चौथ्या रकान्यात नाव लिहायला घेतलं तर मामाजींनी टाक मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं सही केली. मला पुरावा ठेवायची सवय आहे. म्हणून लगद्यातला तो लाल दोरा मी रॉकेलनं धुऊन त्याच पानाला टाचणीनं लावून ठेवला. रजई मात्र माझ्या सामानाच्या कुठल्याच यादीत नव्हती. आठवडाभरानं मामाजी ती मागायला आले, तेव्हा सुखदेवनं मोठ्या उत्साहानं सांगितलं की तिचे तुकडे करून त्यानं सगळं इंजिन पुसून काढलं, आता कसं लखलखतंय पाहा. मामाजींनी वाकून पाहिलं. "बरं केलं," म्हणाले.

त्यानंतर ते अधूनमधून रजिस्टर पाहायला येऊ लागले. जुनी दुखणी पाहून घेतो, म्हणत. मी कपाटातून काढून देई आणि माझ्या कामाला लागे. पानं उलटल्याचा आवाज एकदाच यायचा, मग बराच वेळ येत नसे. मी घाई करणारी बाई. ते एकच पान उघडून बसतात हे कळायला मला दोन वर्षं लागली. एकदा मागून गेले तर ते त्या पानावर होते, बोटाचं टोक दोऱ्यावर. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "टाका पाहा बाई. इंजिनानं ओढला तरी नाई उसवला. माह्या घरवालीचा हात असाच होता. थंडीत अंगावर घेतली का तिची आठवण येत होती, झोप नाई लागत होती. म्हटलं कोणाच्या कामी तरी येऊ दे."

मामाजी गेले ते त्यानंतरच्या पावसाळ्यात. मोटारही नंतर गेली, जीप आली. मामाजी गेल्यावर दोनेक आठवड्यांनी नर्सबाई माझ्या खोलीत आल्या आणि काही न मागता उभ्या राहिल्या. मी उभ्या जन्मात कुठल्याही रजिस्टराचं पान फाडलेलं नाही. त्या दिवशी एक फाडलं, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिलं.

रजिस्टर अजून माझ्यापाशी आहे. ज्या जागी ते पान होतं तिथं पुढच्या पानावर मी नियमाप्रमाणे नोंद केली आहे. लक्षण: एक पान कमी. कारणाचा रकाना मोकळा ठेवला. आणि चौथ्या रकान्यात, त्या फाटक्या कडेवर डावा हात ठेवून, लिहिलं आहे: माझ्यामुळे.