चित्रातला बांध

चिंचवडच्या शिवारात सोपानरावांचा मळा होता, आणि मळ्याचे दोन बांध म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शेजारचा ज्योतीराम नांगरता नांगरता बांध कोरायचा. सोपानराव दरवर्षी भांडून तो होता तिथे परत घालून घ्यायचे. एरवी माणूस मोठा समाधानी. त्रेसष्ट साली मळा कारखान्यासाठी जायचा ठरला, तेव्हाही त्यांनी आदळआपट केली नाही. गावातल्या घरामागे दोन खोल्या काढल्या आणि एकीत मधुसूदन नावाचा, कंपनीत ड्रॉइंगं काढणारा बिऱ्हाडकरू ठेवला. एकच गोष्ट मनाला लागून राहिली होती. उद्या तिथे कारखान्याची भिंत उठली की आपला मळा कसा होता, हे सांगूनही कुणाला पटणार नव्हतं. म्हणून त्यांनी मधुसूदनला गळ घातली, "आमचा मळा हाय तसा कागदावर काढून द्या."

रविवारी मधुसूदन विहिरीपाशी बसला आणि त्याने सगळं नियमाने काढलं. जवळचं मोठं, लांबचं लहान. दोन्ही बांध जाता जाता एका ठिपक्यात मिळालेले. चित्र पाहून सोपानरावांचा पारा चढला.

"ह्ये काय वो? बांध एकाला एक भिडलं की! पल्याड नांगर वळवायला तरी जागा ठिवलीय का? ज्योतीरामनं जल्मात कोरला न्हाई तेवढा तुमी एका रविवारात कोरला!"

मधुसूदन हसू दाबत म्हणाला, "काका, लांबचं लहानच दिसतं. जमीन तेवढीच आहे."

"दिसंना का! हाय किती, त्ये काढा."

मधुसूदनने निमूटपणे दुसऱ्या कागदावर कंपनीतल्यासारखा नकाशा काढून दिला. बांध शेवटपर्यंत सारख्या अंतरावर, चारी कोपरे चोख. सोपानराव खूश झाले, पण घटकाभरच. असला चौकोन कुणाच्याही जमिनीचा असू शकला असता. मळा तर जाणारच होता, आता त्याचं चित्रही व्हायचं नाही, या विचाराने त्यांना खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांची बायको मंजुळाबाई चहा घेऊन आली. बाजूला टाकलेलं पहिलं चित्र तिने उचललं.

"आगं बया, ह्यो तर आपलाच मळा!"

"तुला काय ठावं?"

"मला न्हाई तर कुणाला? रोज भाकरी घिऊन हिरीपाशी हुबी ऱ्हायची मी. तुमी पार त्या टोकाला, एवढूसं दिसायचा. हाक मारली की मोठं हुत हुत यायचा."

सोपानरावांनी तिच्या हातातून चित्र घेतलं. चहा निवून गेला. मग त्यांनी ते चित्र मधुसूदनपुढे सरकवलं आणि दोन्ही बांध मिळत होते तिथे बोट ठेवलं.

"हितं मला काढा," ते म्हणाले. "एवढूसाच."